व्हिएतनामला स्टडी टूरला जाताय? मग हे वाचून जा

कॉलेजच्या ग्रुपबरोबर जाणार असाल तर निदान एवढं डोक्यात घालून जा की 1986 ला 'दोई मोई' नावाच्या आर्थिक सुधारणा आल्या, 1995 ला अमेरिकेशी संबंध जुळले आणि 2007 ला देश डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) गेला, नाहीतर फॅक्टरीत समोरचा काय सांगतोय ते सगळं डोक्यावरून जातं.

फॅक्टरी व्हिजिटला पीपीटी बघत बसू नका हो, ती कॉलेजला मेलवर पण मिळते. सुटे भाग कुठून येतात ते विचारा, गोडाऊनमधल्या खोक्यांवरची लेबलं वाचा, म्हणजे 'मेड इन व्हिएतनाम'च्या आत चीन, कोरिया किती आहे ते कळतं.

पण खरी शाळा फुटपाथवर! सकाळी होची मिन्ह सिटीत छोट्या प्लास्टिक स्टुलावर बसा, स्टीलच्या फिनमधून (कपावर ठेवायची छोटी गाळणी) थेंब थेंब कॉफी कंडेन्स्ड मिल्कवर पडत असते, तोवर बिया कुठून येतात, किलोला काय पडतात विचारून घ्या (भाषा येत नसेल तर ट्रान्सलेट ॲप झिंदाबाद). जगात सगळ्यात जास्त रोबस्टा जातीची कॉफी याच देशात पिकते, पण बराचसा माल कच्च्या बिया म्हणूनच बाहेर जातो आणि ब्रँडचा पैसा दुसरेच कमावतात, हे गणित तिथेच वहीत मांडा.

आणि हो, 20 हजार आणि 5 लाख डाँगच्या (डाँग म्हणजे तिथलं चलन) दोन्ही नोटा निळसर असतात, मी कॉफीला 5 लाखाची दिली होती, मावशींनी हसत परत केली.