जुन्या गाडीचा रेडिओ खरखरतो? नवा अँटेना बसवण्याआधी या चुका टाळा

जुन्या गाडीतला रेडिओ खरखरू लागला की बहुतेक जण आधी नवा अँटेना आणतात, त्याने भागले नाही तर सिग्नल वाढवणारा बूस्टर लावतात आणि शेवटी स्टिरिओच बदलून टाकतात. अनेक वर्षे स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांतील रेडिओ उघडून पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की अँटेनाचा दांडा क्वचितच दोषी असतो. दोष निघतो तो दांडा पत्र्यावर जिथे बसतो त्या जागेत, तिथून निघणाऱ्या केबलमध्ये किंवा रेडिओमागच्या प्लगमध्ये. या तिन्ही जागा झाकलेल्या असतात आणि तिथे पोहोचायला अर्धा दिवस मोडतो, म्हणूनच त्या कोणी तपासत नाही.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे बॉडी अर्थकडे, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेल्या विद्युत जोडणीकडे, दुर्लक्ष करणे. उभा दांडा एकट्याने काम करत नाही; गाडीचा पत्रा हा त्याचा दुसरा अर्धा भाग असतो. केबलच्या गाभ्यातली तार दांड्याला जोडलेली असते आणि तिच्याभोवतीची तारांची जाळी अँटेनाच्या बुडाशी पत्र्याला टेकलेली असते. बुडाखाली गंज धरला, रंग शिरला किंवा नट सैल झाला की जाळीचा तिथला अर्थ तुटतो. मग जी जाळी बाहेरचा गोंगाट अडवण्यासाठी आहे, तीच तो गोळा करू लागते आणि इग्निशनचा व डॅशबोर्डमागच्या वायरिंगचा आवाज थेट रेडिओत नेऊन सोडते.

एका मित्राच्या गाडीत हेच झाले होते. डाव्या फेंडरचे डेंटिंग-पेंटिंग करून गाडी परत आली आणि त्याच आठवड्यात रेडिओत टकटक सुरू झाली, जी ॲक्सिलरेटर दाबला की वाढत असे. त्याने आधी स्टिरिओ बदलला, मग बूस्टर बसवला, आणि बूस्टरने स्टेशनाबरोबर टकटकही मोठी केली. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी मल्टिमीटरने केबलची जाळी आणि बॉडी यांच्यातला रोध मोजला. तो जवळपास शून्य आला आणि मी अर्थ चांगला असल्याचे सांगून मोकळा झालो. त्यानंतरचे दोन रविवार आम्ही स्पार्क प्लग, प्लगच्या वायरी आणि ऑल्टरनेटर यांच्यामागे घालवले.

चूक माझ्या मोजण्यात होती. मी मोजले तेव्हा अँटेनाचा प्लग रेडिओत बसलेलाच होता. प्लगची बाहेरची कडा रेडिओच्या खोक्याला टेकते आणि खोके गाडीच्या बॉडीला जोडलेले असते, त्यामुळे मीटरला तो अर्थ रेडिओमार्गे मिळत होता. प्लग बाहेर काढून पुन्हा मोजल्यावर मीटरने काहीच जोडणी दाखवली नाही. चाकाच्या कमानीतले प्लास्टिकचे अस्तर काढून अँटेनाचे बूड खालून पाहिले, तर दातेरी वॉशर नव्या, गुळगुळीत रंगावर बसवलेला होता. त्याच्या दातांचे बारीक ठसे रंगात उमटले होते, पण एकही दात पत्र्यापर्यंत पोहोचला नव्हता. वॉशरखालचा रंग सँडपेपरने घासून पत्रा उघडा केला, नट आवळला, आणि टकटक गेली. नवा स्टिरिओ आणि बूस्टर या दोन्हींचा खर्च वाया गेला होता.

तेव्हापासून मी प्लग रेडिओतून काढल्याशिवाय मीटर हातात घेत नाही. प्लगची बाहेरची कडा आणि बॉडी यांच्यात एक ओहमपेक्षा कमी रोध हवा. दांड्याचे टोक आणि प्लगची मधली पिन यांच्यातही जवळपास तेवढाच हवा. मधली पिन आणि बाहेरची कडा यांच्यात मात्र कसलीही जोडणी दिसता कामा नये. तिथे काही रोध दिसला तर केबलमध्ये पाणी शिरले आहे असे समजावे. मोजताना केबल जागोजागी हलवून पाहावी, कारण आतून तुटलेली तार स्थिर असताना बरोबर आकडा दाखवू शकते. अँटेनाच्या बुडातच ॲम्प्लिफायर असेल तर हे आकडे लागू पडत नाहीत. घासलेला पत्रा उघडा ठेवू नये. नट आवळून झाल्यावर वॉशरच्या भोवती ग्रीसचा हात फिरवावा आणि वरची रबरी गॅस्केट तडकली असेल तर ती त्याच वेळी बदलावी.

दुसरी चूक मला पहिलीइतकीच खटकते, कारण ती करणाऱ्याला आपण युक्ती केली असे वाटते. केबल तुटली म्हणून घरात पडलेल्या टीव्हीच्या केबलचा तुकडा जोडला जातो. एफएम बऱ्यापैकी लागते आणि काम जमले असे वाटते, पण मीडियम वेव्हवरची लांबची स्टेशने नाहीशी होतात. एफएमची तरंगलांबी सुमारे ३ मीटर असते, म्हणून पाऊण मीटरचा दांडा तिच्या बरोबर चतुर्थांश भरतो. मीडियम वेव्हवर १००० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर होते आणि तिच्यापुढे तोच दांडा अगदीच तोकडा ठरतो. तिथे तो जेमतेम १०-१५ पिकोफॅरडच्या कपॅसिटरसारखा वागतो. टीव्हीच्या केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरमागे साधारण ५० ते ७० पिकोफॅरड असते, त्यामुळे दांड्याने पकडलेला क्षीण सिग्नल रेडिओपर्यंत पोहोचण्याआधी केबलमध्येच विभागला जातो. गाडीची मूळ केबल कापून पाहिली की फरक डोळ्यांना दिसतो: जवळजवळ पोकळ नळी आणि तिच्यात केसासारखी बारीक, नागमोडी तार. ती रचना धारिता कमी राखण्यासाठीच केलेली असते. ही तार पीळ देऊन टेपने जोडता येत नाही आणि सोल्डर करताना नळी वितळते, म्हणून मी तुटलेली केबल जोडण्याच्या फंदात पडत नाही. गाडीच्या अँटेनासाठीच बनवलेली अखंड केबल टाकतो.

बाकीच्या चुका तेवढ्या खोल नाहीत, पण रोज दिसतात. शोभेसाठी बोटाएवढा अँटेना लावला तर रिसेप्शन कमी होणारच, त्याची तक्रार करू नये. वरखाली होणाऱ्या दांड्याला ग्रीस फासू नये, त्यात धूळ बसून तो अडकतो. हलक्या तेलाच्या फडक्याने पुसणे पुरेसे असते. मूळ अँटेनात ॲम्प्लिफायर असलेल्या गाडीत बाहेरचा स्टिरिओ बसवला की त्या ॲम्प्लिफायरला १२ व्होल्ट मिळतात का, हे आधी पाहावे. हे व्होल्ट देणारी स्टिरिओची निळी वायर टेप गुंडाळून तशीच सोडलेली मी कितीतरी गाड्यांत पाहिली आहे. काही गाड्यांत हा पुरवठा अँटेनाच्या केबलमधूनच जातो आणि तिथे त्यासाठीचा वेगळा ॲडॅप्टर लागतो. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म लावली आणि अँटेना त्याच काचेत असला, तर फिल्म काढण्याला पर्याय नाही.

जुन्या, बटण फिरवून स्टेशन लावण्याच्या रेडिओंमध्ये अँटेनाच्या सॉकेटजवळ ट्रिमरचा, म्हणजे रेडिओचा अँटेनाशी मेळ बसवणारा, छोटा स्क्रू असतो, हे आता फार कमी जणांना माहीत आहे. दांडा किंवा केबल बदलली की दांडा पूर्ण वर काढून १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे क्षीण स्टेशन लावावे आणि आवाज जास्तीत जास्त होईपर्यंत तो स्क्रू सावकाश फिरवावा. नवीन अँटेना वाईट निघाला म्हणून परत करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे काम या एका स्क्रूवर अडलेले असते.

गोंगाटाच्या बाबतीत घाई विशेष नडते. इंजिन चालू ठेवून अँटेनाचा प्लग रेडिओतून काढावा. आवाज थांबला तर तो अँटेनामार्गे येत होता. तसाच राहिला तर तो वीजपुरवठ्याच्या वायरीतून येतो आणि अँटेना कितीही वेळा बदलला तरी जाणार नाही. त्याआधी सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर आणि काचेवरचा डॅशकॅम काढून ठेवावा, कारण या दोन वस्तूंनी निर्दोष अँटेनाला मी अनेकदा बदनाम होताना पाहिले आहे.

उंच इमारतींमधून जाताना एफएम क्षणाक्षणाला फडफडते ते इमारतींवरून परावर्तित झालेल्या लहरींमुळे, त्याला गाडीतला कोणताही भाग जबाबदार नसतो. म्हणून मी प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर गाडी त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभी करतो आणि तेच एक क्षीण स्टेशन ऐकतो. जवळचे जोरकस स्टेशन लावून केलेली चाचणी मी धरत नाही, कारण ते स्टेशन तुटक्या केबलवरही नीट ऐकू येते.