वसंतातल्या बर्फावर ट्रेक? या चुका टाळा

थंडी ओसरली, ऊन पडलं, म्हणजे बर्फ सोपा झाला असं समजून निघणाऱ्या ग्रुपची दरवर्षी तीच फजिती होते.

सगळ्यात महागात पडतं ते उशिरा निघणं. या दिवसांत बर्फ दुपारी वितळतो आणि निरभ्र रात्री पुन्हा गोठतो. पहाटे वरचा थर फरशीसारखा टणक असतो, त्यावरून झपझप चालता येतं. पुढचं हमखास असं घडतं: सहाला भेटायचं ठरतं, एक जण उगवतो सातला, मग सॅका पुन्हा भरल्या जातात, फोटो होतात, चालायला साडेनऊ. चढताना बर्फ नुसता मऊ लागतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. माथ्यावर दीड वाजतो. उतरताना पाय आधी गुडघ्यापर्यंत जातो, मग मांडीपर्यंत. बूट भिजतात, ऊन कललं की बोटं बधिर होतात. त्यात कुणीतरी रुतलेला पाय हिसडा मारून ओढतो आणि गुडघा मुरगळून घेतो. बुटाभोवतीचा बर्फ आधी उकरा, मग पाय काढा.

म्हणून हेडटॉर्च लावून पहाटे ४-५ लाच निघा. परतीची वेळ आदल्या रात्रीच ठरवा. ११ म्हणजे ११, माथा वीस मिनिटांवर असला तरी. रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ नीट गोठलेला नसतो, तेव्हा बेत आखडता घ्या. पूर्वेकडचे उतार सगळ्यांत आधी सैल होतात. पाऊल घोट्याच्या वर जाऊ लागलं किंवा वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, तर ३० अंशांहून तीव्र उतारावर थांबू नका, त्याच्या खालीही नाही. ओल्या बर्फाचं हिमस्खलन सुटतं ते असंच.

दुसरा आवडता मूर्खपणा: बुटांना लावलेले दातेरी स्पाईक्स न काढता बर्फावरून बसून घसरणं. वेगात दात बर्फात अडकतो, पाय तिथेच राहतो, अंग पुढे जातं आणि घोटा मोडतो. घसरायचंच असेल तर स्पाईक्स सॅकमध्ये, आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची टोकदार कुऱ्हाड) हातात आणि उतार कुठे संपतो ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. आइस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवायचा सराव नसेल तर मुकाट चालत उतरा. आणि मायक्रोस्पाईक्स (बुटावर ताणून चढवायची छोट्या दातांची साखळी) म्हणजे क्रॅम्पॉन (लांब दातांची कडक चौकट) नव्हेत. मायक्रोस्पाईक्स सौम्य वाटेपुरतेच. तीव्र, टणक उतारावर त्यांचा भरवसा धरू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. उन्हात तापलेल्या खडकाला आणि झाडाच्या बुंध्याला खेटून चालू नका, तिथला बर्फ आतून पोकळ असतो. पायाखाली पाण्याचा आवाज आला तर तिथून ओढा ओलांडायचा नाही. सुती मोजे आणि जीन्स घरी ठेवा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतो, त्यामुळे ढग असले तरी गॉगल हवाच. डोळ्यांची आग काही तासांनी सुरू होते. सनस्क्रीन नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही लावा. दुसऱ्यांच्या पावलांमागे डोळे मिटून जाऊ नका, तेही चुकलेले असू शकतात. वाटेचा जीपीएस ट्रॅक फोनमध्ये ऑफलाइन ठेवा, फोन आतल्या खिशात.

आणि मित्रांमधला सगळ्यांत दमदार गडी पुढे पळतो, त्याला मागे ठेवा. वेग ठरवायचा तो सगळ्यांत हळू चालणाऱ्याने.