सोसायटीची नोटीस वाचायला किती अवघड आहे, हे कसं मोजावं?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची, म्हणजे बिल्डरने न दिलेली जमीन अर्ज करून सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, नोटीस लावली. सभासद ती बोर्डासमोर उभं राहून वाचायचे आणि मग मलाच विचारायला यायचे. तेव्हापासून मजकूर मोजल्याशिवाय मी तो बोर्डावर लावत नाही.

आधी सलग १०० शब्द घ्या, पत्ता आणि सह्या सोडून. त्यातली वाक्यं मोजा. चारच निघाली तर एका वाक्यात सरासरी २५ शब्द झाले. नोटिशीला १५ पुरेत. ‘सबब’, ‘त्याअर्थी’ दिसेल तिथे वाक्य तोडा.

मग शब्द. रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८ सालचं सूत्र वाक्याची लांबी आणि शब्दातले उच्चारखंड (साधारण आपली अक्षरं) मोजतं, पण त्यातले आकडे इंग्रजीसाठी बसवलेले आहेत. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘शेजाऱ्यांबरोबर’ सात अक्षरी, ‘अभिहस्तांतरण’ही सात अक्षरीच. पहिला शब्द चौथीतलं पोर वाचतं. ‘मानीव’ तीनच अक्षरांचा, तरी मोठी माणसं अडतात. म्हणून लांबी सोडा आणि तिघांच्या हाती पेन्सिल द्या. अडेल त्या शब्दाखाली त्यांनी रेघ मारायची. दोघांची रेघ पडली तो शब्द अवघड. हे काम लिहिणाऱ्याने करू नये, त्याला सगळेच शब्द ओळखीचे असतात.

माझा सगळ्यात जास्त विश्वास मात्र गाळलेल्या जागांवर आहे. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ही ‘क्लोझ’ चाचणी मांडली. पहिलं वाक्य अख्खं ठेवायचं, पुढे दर पाचवा शब्द गाळायचा आणि ज्याने मजकूर पाहिलेला नाही त्याला जागा भरायला सांगायच्या. मूळचाच शब्द आला तर गुण, शुद्धलेखन माफ. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर वाचकाला मजकूर एकट्याने कळतो, ४०च्या खाली आलं तर पुन्हा लिहा, असा इंग्रजीतला ठोकताळा आहे. ‘सभेला’च्या जागी कुणी ‘सभेस’ लिहिलं तर मी गुण देतो. मात्र जुन्या आणि नव्या मसुद्याला एकच नियम लावा, नाहीतर तुलना फसते. नोटीस छोटी असेल तर गाळलेल्या जागा कमी निघतात, म्हणून माणसं वाढवा.

कायद्याचा शब्द काढून टाकू नका, अर्जावर तोच लागतो. त्याच्या शेजारी अर्थ लिहा: ‘बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही. म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ती आपण नावावर करून घेणार आहोत.’