जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि हुरड्याची आगटी

मामांच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून मला ५० मिमीची एक जुनी लेन्स मिळाली. तिची फोकसची रिंग जडसर, पण एकसारखी फिरते. ते बोटांना इतकं आवडलं की ऑटोफोकस मागेच पडला.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, सोडून द्या. धुळीचे चार कण चालतात.

मग अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारी कडी. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात लेन्स आणि चित्र टिपणारा सेन्सर यांच्यात अंतर कमी असतं. सोनीच्या ई-माउंटला (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) ते १८ मिमी आहे, तर एम४२ या आट्यांच्या जुन्या लेन्सला ४५.४६ मिमी लागतं. मधली जागा अडॅप्टर भरतो. तो नुसता पोकळ, आत काच नाही. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, हे अंतर आधीच ४६.५ मिमी, म्हणून साध्या अडॅप्टरनं तिथे लांबचं स्पष्ट होत नाही.

मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालण्याची परवानगी द्या, नाहीतर बऱ्याच कॅमेऱ्यांत बटण दाबूनही फोटो निघत नाही. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा. फोकस पीकिंग, म्हणजे स्पष्ट कडा रंगवून दाखवणारी सोय, लाल रंगात ठेवा, पण एफ/२ला, म्हणजे छिद्र मोठं उघडं असताना, त्याच्यावर विसंबू नका; चित्र मोठं करून डोळ्यांनीच ठरवा.

पहिला सराव वेरूळला करा. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपारनंतर जा. फुल-फ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, २८ मिमीची लेन्स असेल तर एफ/८ (लहान छिद्र) लावा आणि रिंग सव्वातीन मीटरच्या आसपास ठेवा. साधारण पावणेदोन मीटरपासून थेट लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं. कैलास लेण्याच्या अंगणात मग रिंगला हात लावावा लागत नाही, नजर शिल्पांवरच राहते.

खरी गंमत मात्र थंडीत, हुरड्याला. तिथे एफ/२ वापरा. लेन्स घरूनच लावून न्या, आगटीजवळ राख उडते. भाजलेलं कणीस गरम असतानाच चोळतात आणि चोळणारा माणूस बसल्या जागेवरून फारसा हलत नाही. त्याच्या तळव्यांवर फोकस लावा. तो जरा पुढे झुकला तर रिंग नव्हे, तुम्हीच बोटभर मागे सरका. पहिली दोन-चार कणसं नुसती बघा. कोवळे हिरवे दाणे तळहातावर मोकळे होतात आणि तो फुंकर मारून कोंडा उडवतो, तेव्हा बटण दाबा. हुकलं तरी बिघडत नाही, पुढचं कणीस त्याच जागी येतं.