दुखायचं थांबलं म्हणजे पथरी गेली? किडनीच्या बाबतीत या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या घरात गेला की आमच्या ओपीडीतली बाकं पुरत नाहीत. घाम जास्त, पाणी कमी, लघवी घट्ट. अशा लघवीतले क्षार जमून खडा होतो. त्यावर आज चांगले उपचार आहेत. पण एक वाक्य ऐकलं की जीव तुटतो: "आता दुखत नाही नं जी सिस्टर, मंग सोनोग्राफी कायले?"

कळ दोन कारणांनी थांबते. एक तर खडा लघवीतून पडतो. नाहीतर तो मूत्रवाहिनीत तसाच अडकून राहतो, मागे तुंबलेली किडनी हळूहळू लघवी बनवणंच कमी करते, दाब उतरतो आणि कळही उतरते. पेशंटला वाटतं, बरं झालं.

काटोलकडचे एक संत्रा बागायतदार आले होते. डाव्या मूत्रवाहिनीत 8 मिलिमीटरचा खडा. दुर्बिणीने काढायची तारीख दिली. तेवढ्यात कुणीतरी काढा दिला, कळ थांबली आणि भाऊ बागेत परतले. पुढच्या बहाराला बीपी वाढलं म्हणून आले, तेव्हा "क्रिएटिनिन 1.1 आहे, नॉर्मल आहे" म्हणत रिपोर्ट पुढे केला. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा. उजवी किडनी एकटीच दोघींचं काम ओढत होती, म्हणून तो आकडा नॉर्मल होता. खडा होता तिथेच होता आणि डावी किडनी जवळपास संपलेली. आत पू झाल्यामुळे ती काढावीच लागली.

5 मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, पण पडला हे तपासल्याशिवाय धरायचं नाही. मी तर पुढच्या सोनोग्राफीची तारीख चिठ्ठीवर लाल पेनाने लिहिते आणि घरच्या माणसाच्या मोबाईलमध्ये गजर लावून घेते. लघवी जुन्या चहाच्या गाळणीतून गाळा, खडा सापडला तर डबीत घालून आणा. कळेसोबत थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखान्यात या.

आत स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी मोकळी ठेवणारी बारीक नळी, ठेवलाय हे विसरू नका. वर्षभर राहिला तर त्याच्यावरच खडे चढतात.

बिअरने खडा पडत नाही. पाणी प्या, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं. दूध बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या क्षाराला, आतड्यातच धरून ठेवतं.

दुसरी चूक मायेपोटी होते. पथरीवाल्याचा सल्ला किडनी निकामी झालेल्याला दिला जातो. संत्री, मोसंबी, नारळपाणी पथरीला चांगलं, म्हणून नातेवाईक डायलिसिसवाल्यालाही तेच घेऊन येतात. त्याच्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साचलं की हृदयाची लय बिघडते, प्रसंगी ते बंद पडतं. 'लो सोडियम' मीठ तर त्याच्या घरातच नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. भेटायला जाताना काय न्यायचं, ते आधी डायलिसिसच्या टेक्निशियनला विचारा. मी हे प्रत्येक कुटुंबाला सांगते, कंटाळा आला तरी सांगते.

उन्हात राबून आल्यावर मेडिकलमधून अंगदुखीची गोळी मागून खाऊ नका. पाणी कमी पडलेल्या किडनीचा रक्तपुरवठा अशी गोळी आणखी आखडते. रोज दोन गोळ्या खाणारी गुडघेदुखीवाली माणसं माझ्या मते सगळ्यात जास्त धोक्यात आहेत.

मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून जाणारं प्रथिन, तेही तपासा. बिघाड आधी बहुधा तिथे दिसतो आणि तेव्हा गोळ्यांनी तो बराच रोखता येतो.

"एकदा डायलिसिस लागलं की कायमचं" या भीतीने सर्पदंशाचे किंवा जुलाबाने कोरडे पडलेले पेशंट उशिरा आणले जातात. अशांपैकी अनेकांची किडनी काही आठवड्यांत पुन्हा चालू लागते आणि डायलिसिस सुटतं. ज्यांना कायम लागणार आहे, त्यांनी डॉक्टर सांगतील तेव्हाच हाताचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी धमनी आणि शीर जोडायचं छोटं ऑपरेशन, करून घ्यावा. तो तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, सलाईन नाही. कुणी लावायला आलं तर हात मागे घ्या आणि दुसरा पुढे करा.