रास्पबेरी पायवर फ्लुइडसिंथ कंपाइल करून सुरात आणायचा कसा

कीबोर्डची पट्टी दाबल्यावर आवाज जरासा उशिरा आला तरी कान फसत नाही. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणक-बोर्डावरच्या सिंथेसायझरची खरी परीक्षा इथेच होते. फ्लुइडसिंथ, म्हणजे वाद्यांचे आवाज काढणारा सॉफ्टवेअर सिंथेसायझर, तयार पॅकेज म्हणूनही मिळतो, पण ते पॅकेज तऱ्हेतऱ्हेच्या प्रोसेसरांवर चालावं अशा बेताने बांधलेलं असतं. तुमचा प्रोसेसर एकच आहे, तेव्हा बांधणी (मूळ कोड कंपाइल करून प्रोग्रॅम तयार करणं) त्याच्याच मापाची करा.

सुरुवातीलाच ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टिम घ्या, हा माझा आग्रह आहे. ३२-बिट एआरएमवर (पायच्या प्रोसेसरचं घराणं) निऑन हे वेक्टर युनिट, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणारा भाग, दशांश गणिताचे सगळे नियम पाळत नाही. त्यामुळे अचूकतेची हमी सोडणारा ‘फास्ट-मॅथ’ पर्याय दिल्याशिवाय जीसीसी हा कंपायलर त्या गणितासाठी निऑन आपणहून वापरत नाही. ६४-बिटमध्ये ही अडचणच उरत नाही.

मग कंपायलर, बांधणीची आखणी करणारा सीमेक आणि लिनक्सवर आवाज स्पीकरपर्यंत पोहोचवणाऱ्या आल्साचं डेव्हलपमेंट पॅकेज बसवा. आल्साचं पॅकेज राहून गेलं, तरी बांधणी विनातक्रार पार पडू शकते आणि नंतर स्पीकर गप्प! म्हणून सीमेक शेवटी जो गोषवारा छापतो, त्यात आल्सासमोर ‘येस’ आहे का ते बघूनच पुढे जा.

सीमेकला तीन गोष्टी सांगा. बिल्ड टाइप ‘रिलीज’. कंपायलरच्या पर्यायांत ‘एमसीपीयू’ची किंमत ‘नेटिव्ह’, म्हणजे रास्पबेरी पाय ४ असेल तर कॉर्टेक्स-ए७२ साठीच कोड तयार होईल. आणि तिसरी, मला सर्वांत मोलाची वाटणारी: ‘इनेबल-फ्लोट्स’ चालू. फ्लुइडसिंथ मुळात ध्वनीचं गणित ६४-बिट डबल या आकड्यांच्या प्रकारात करतो, हा पर्याय ते ३२-बिट फ्लोटमध्ये आणतो. निऑनचं रजिस्टर १२८ बिटांचं असतं. त्यात डबल दोनच मावतात, फ्लोट मात्र चार. शिवाय मेमरीतून होणारी ने-आण निम्म्यावर येते. ऐकताना फरक जाणवत नाही.

फ्लुइडसिंथ आटोपशीर आहे, कंपाइल लवकर होतो. झिनॲडसबएफएक्ससारखा सी++ मधला मोठा सिंथ बांधायचा असेल आणि रॅम १ जीबीच असेल, तर बांधणी चालवणाऱ्या मेककडून एका वेळी चार फाइली कंपाइल करवू नका. मेमरी संपली की कर्नल कंपायलरलाच मारून टाकतो.

बदल उपयोगी पडला की नाही, हे मोजून ठरवा. एक दाट मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजवायचा याची नोंद) घ्या, ती स्पीकरऐवजी वेव्ह फाइलमध्ये रेंडर करायला लावा आणि ‘टाइम’ कमांडने वेळ मोजा. जुनी बांधणी, नवी बांधणी, दोन्हींना तीच फाइल आणि तोच साउंडफॉन्ट (वाद्यांच्या नमुना-आवाजांची फाइल).

आता उशीर कमी करू. लिनक्सवर फ्लुइडसिंथ मूळ सेटिंगमध्ये ६४ फ्रेमचे (फ्रेम म्हणजे ध्वनीचा एका क्षणाचा नमुना) १६ बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवणारे कप्पे, ठेवतो. ४४,१०० हर्ट्झला हे सुमारे २३ मिलिसेकंद झाले. पियानो वाजवणाऱ्याला ते खटकतात. बफर ४ केले की ५.८ मिलिसेकंद उरतात. पण मग प्रत्येक ६४ फ्रेम १.४५ मिलिसेकंदांच्या सरासरीने तयार व्हायलाच हव्यात, आणि साठा लहान असल्याने जरा मोठा खोळंबा झाला तरी आवाज तडतडतो. यासाठी प्रोसेसरचा वेग ठरवणारा सीपीयू गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवा, आपल्या युजरला ऑडिओ ग्रुपमध्ये घाला आणि त्या ग्रुपला रिअलटाइम प्राधान्य व मेमरी लॉक करण्याची मुभा द्या.

एवढं करूनही तडतड राहिली तर बफर लगेच वाढवू नका. आधी पॉलिफोनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांची संख्या, बघा. मूळ मर्यादा २५६ आवाजांची असते. स्टिरिओ पियानोचा एक सूर किमान दोन आवाज घेतो आणि सस्टेन पेडल दाबून ठेवलं की ते साचत जातात. मर्यादा ६४ करून ऐका, मग रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस हे इफेक्ट बंद करून.

सुरुवातीला स्वच्छ वाजतं आणि वीस मिनिटांनी तडतडू लागतं, असं असेल तर दोष बहुधा उष्णतेचा. ८० अंश सेल्सियसच्या आसपास रास्पबेरी पाय स्वतःचा वेग उतरवतो. तिथे कंपायलरचा कुठलाच पर्याय कामी येत नाही, हीटसिंक किंवा पंखाच बसवावा लागतो.