गुरूंचं मंडळ सोडलंत? मग या चुका टाळा

मंडळ सोडून तीन आठवडे झाले होते आणि मुलगा शाळेच्या जिन्यावरून पडला. मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर अजून ओलं होतं, तो कण्हत होता, आणि माझ्या डोक्यात मात्र एकच वाक्य फिरत होतं: हरी रुसला तर गुरू वाचवतो, गुरू रुसला तर वाचवणारं कुणी नाही. नऊ वर्षं दर गुरुवारी ऐकलेलं वाक्य. मी दवाखान्याच्या जिन्यात गेले, प्रमुख ताईंचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत फोन कट केला. त्या दिवशी फोन लागला असता तर मी परत गेले असते, याची मला आजही खात्री आहे.

हे लिहिते आहे ते अशा माणसांसाठी, ज्यांनी मंडळ, आश्रम किंवा गुरुपरिवार सोडला आहे आणि तिथे कधी उठायचं, कुणाशी बोलायचं, मुलीला कुठलं स्थळ बघायचं, हे सगळं दुसरंच कुणी ठरवत होतं. प्रत्येक गुरू, प्रत्येक भजनी मंडळ असं नसतं. वारीत कुणी हजेरी घेत नाही. एखाद्या वर्षी गेला नाहीत तर घरी माणसं पाठवत नाहीत. गाडगेबाबा तर उघड सांगायचे की माझा कुणी शिष्य नाही. मी एकच कसोटी लावते: तिथून निघताना काय झालं? निघणाऱ्याला शाप आणि नरकाची भीती घातली जात असेल, घरच्यांना अबोला धरायला सांगितलं जात असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

प्रत्येक संकटाचा संबंध सोडण्याशी लावणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि जवळजवळ सगळ्यांकडून होते. गाडी पंक्चर झाली, दूध नासलं, तापाने मूल फणफणलं की मन लगेच म्हणतं, बघ, कोप झाला.

मला यातून एका वहीने बाहेर काढलं. मुलाचं प्लास्टर निघायच्या आधी एका रात्री मी लिहायला बसले: मंडळात असताना, सेवा एक दिवसही न चुकवता, आमच्या घरात काय काय झालं? सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. नवऱ्याची कंपनी बंद पडून तो अकरा महिने घरी बसला. माझं दुसरं गरोदरपण पाचव्या महिन्यात संपलं. समोरच्या रकान्यात मी प्रत्येक वेळी मंडळात काय सांगितलं गेलं ते लिहिलं. ‘प्रारब्ध होतं.’ ‘सेवा होती म्हणून थोडक्यात निभावलं.’ ‘तुझ्या मनात विकल्प आला होता.’

पानभर लिहिल्यावर दिसलं की आत असताना संकट आलं तर ती कृपा, बाहेर पडल्यावर आलं तर तो कोप. हिशेब कसाही मांडा, येणं त्यांचंच. हे डोक्यात समजणं वेगळं आणि स्वतःच्या अक्षरात समोर दिसणं वेगळं, म्हणून मनातल्या मनात करू नका, कागदावर लिहा. भीती लगेच जात नाही. पण पुढच्या वेळी ती आली की वही उघडता येते.

निरोपाचं लांबलचक पत्र

मी साडेचार पानी पत्र लिहिलं होतं. प्रत्येक मुद्दा, प्रत्येक तारीख. वाटलं होतं, वाचतील, विचार करतील. दोन दिवस फोन थांबले नाहीत, तिसऱ्या दिवशी दोघीजणी प्रसाद घेऊन दारात. मी दिलेल्या प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. कारण दिलं की वाद सुरू होतो, आणि त्या वादात तुम्ही एकटे असता, त्या पन्नास असतात.

एकच वाक्य पाठ करा आणि तेच म्हणत राहा: ‘ताई, माझा निर्णय झालाय, त्यावर मला बोलायचं नाही. तुम्ही कशा आहात?’ सहाव्या-सातव्या वेळेनंतर फोन कमी होतात. आणि आश्रमातच राहत असाल तर सांगण्याआधी आधार कार्ड, मार्कशीट, पासबुक, बँकेला जोडलेलं सिमकार्ड हातात घ्या, पहिले दोन-तीन महिने राहायची सोय बघा, मग सांगा. उलट क्रमाने करणाऱ्यांचे फार हाल झालेले मी पाहिलेत.

पैशांबद्दल थोडक्यात. घर किंवा जमीन दानपत्र करून दिली असेल तर ‘आता काय, स्वखुशीने दिलं होतं’ म्हणून सोडून देऊ नका. एका वृद्धाने परलोकात कल्याण व्हावं म्हणून सगळी मालमत्ता आपल्या गुरूला लिहून दिली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते दानपत्र 1890 मध्ये रद्द ठरवलं, कारण गुरूचा शिष्याच्या मनावर असलेला अनुचित प्रभाव. आपल्या करार कायद्यात हे तत्त्व 1872 पासून आहे. मात्र असा दस्त रद्द करून घ्यायला मुदत साधारण तीन वर्षांची असते, म्हणून वकिलाकडे आधी जा, मन शांत होण्याची वाट नंतर बघा. आणि समाजाने वाळीत टाकलं, लग्नकार्यात येऊ देईनात, असं झालं तर महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो जातपंचायतींच्या जाचामुळे आला, पण एकाच पंथाची माणसंही त्यात येतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रिकामी जागा लगेच भरणं

नऊ वर्षं माझ्या दिवसातला एकही तास रिकामा नव्हता. सोडल्यावर संध्याकाळी सहा वाजले की घर अंगावर यायचं. अशा वेळी शेजारीण म्हणते, ‘ते तुमचे महाराज खोटे होते गं, आमचे खरे आहेत, एकदा येऊन तर बघ.’ कुणी साखळी-विक्रीच्या मीटिंगला नेतं, कुणी राजकीय संघटनेत ओढतं. आपण जातो, कारण तिथे ओळखीची ऊब असते: एकच घोषणा, एकाच रंगाचे कपडे, रांगेत ताटं.

मी चौथ्या महिन्यात ध्यानाच्या एका शिबिराला गेले. शिबिरात वाईट काहीच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी सांगितलं नसताना, मी सगळ्यांच्या आधी उठून सतरंज्या घालत होते आणि दुपारी शिकवणाऱ्या बाईंना विचारत होते की रविवारी बहिणीच्या साखरपुड्याला गेलं तर चालेल का. त्या गोंधळून म्हणाल्या, ‘अहो, मला काय विचारता?’ दोष त्या शिबिरात नव्हता. विचारायची सवय माझ्यात होती, आणि ती घेऊन मी कुठेही गेले असते तरी तिथे मंडळच उभं केलं असतं.

तेव्हा मी स्वतःला एक वर्षाचा नियम घातला. वर्षभर नवी दीक्षा नाही, नवी शपथ नाही, कुठल्याही संस्थेला पाचशेच्या वर देणगी नाही. आणि रोज एक गोष्ट कुणालाही न विचारता ठरवायची.

हे वाचायला सोपं वाटतं. बहिणीच्या साखरपुड्यासाठी साडी घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने गादीवर वीस-बावीस साड्या उलगडल्या. नऊ वर्षं मी पांढऱ्या आणि पिवळ्याशिवाय काही नेसले नव्हते. ‘ताई, कुठला रंग दाखवू?’ एवढंच त्याने विचारलं आणि माझ्या हाताला घाम फुटला. मला कुठला रंग आवडतो हे मला माहीतच नव्हतं. पाऊण तास बसून काही न घेता उठले. खाली गाडीवर वडापाव घेतला, आणि खाताना लक्षात आलं की लसणाची चटणी जास्त घाला असं मी आपणहून म्हणाले होते. मंडळात कांदा-लसूण वर्ज्य. त्या दिवशी तेवढंच ठरवता आलं. साडी पुढच्या आठवड्यात घेतली, मोरपंखी.

याच काळात शब्दांकडेही लक्ष द्या. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी चीनमध्ये कम्युनिस्ट राजवटीच्या सक्तीच्या ‘विचारसुधारणे’तून गेलेल्या लोकांशी बोलून 1961 साली अशा नियंत्रणाच्या आठ खुणा मांडल्या. त्यातली एक भाषेची: ठरावीक शब्द असे भारलेले असतात की तो शब्द आला की पुढचा विचारच थांबतो. आमच्याकडे तो शब्द ‘विकल्प’ होता. वहीत अशा शब्दांची यादी करा आणि पुढे साधं मराठी लिहा. माझ्या वहीत असं आहे: विकल्प म्हणजे प्रश्न. समर्पण म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा. सेवा म्हणजे चाळीस माणसांचा स्वयंपाक. लौकिक नाती म्हणजे माझी आई. शेवटची ओळ लिहिल्यावर मी खूप रडले. आईला मी तीन दिवाळ्या भेटले नव्हते.

देव फेकून देणं, किंवा दात-ओठ खाऊन धरून ठेवणं

सोडल्याच्या रागात काही जण देव्हारा रिकामा करतात. काही जण उलट दुप्पट जप करतात, ‘मी गुरूंना सोडलं, देवाला नाही’ हे सिद्ध करायला. दोन्ही घाईचेच मार्ग. मी फोटो, पोथ्या आणि बोटात घालायचा जपाचा काउंटर एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून माळ्यावर टाकला. काउंटर गेला तरी अंगठा काही महिने हवेत दाबला जायचा. बसमध्ये, भाजी निवडताना, झोपेत. त्याला मी थांबवलं नाही. एक दिवस तो आपोआप थांबला. नदीत सोडू नका, जाळू नका. खोकं माळ्यावर राहू द्या, सहा महिन्यांनी उघडा आणि ज्याला हात लावावासा वाटेल तेवढंच खाली आणा. मी आजीच्या काळची पितळी रांगोळीची डबी आणि हरिपाठ आणला. काउंटर अजून वरच आहे.

आमच्याकडे शंका विचारली की गीतेतलं ‘संशयात्मा विनश्यति’ तोंडावर मारलं जायचं. तो चौथ्या अध्यायातला चाळिसावा श्लोक. मी नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वतः पुस्तक उघडलं तेव्हा त्याच अध्यायात, सहाच श्लोक आधी, ‘परिप्रश्नेन’ दिसलं: ज्ञान मिळवायचं तर नम्रतेने, सेवेने आणि प्रश्न विचारून. आणि अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर, प्रत्यक्ष कृष्ण अर्जुनाला म्हणतो, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, ‘यथेच्छसि तथा कुरु’. मला हे वाचून जो मोकळा श्वास आला तो शब्दांत सांगता येत नाही. तुम्ही ख्रिस्ती प्रार्थनागटातून आला असाल, मुस्लिम जमातीतून आला असाल, तरी एवढं जरूर करा: ज्या ओळीने तुम्हाला घाबरवलं ती ओळ मूळ जागी जाऊन, मागचं-पुढचं धरून, स्वतः वाचा. आणि वाचून देवाकडे परत यावंसं वाटलं नाही, तरी त्यात काही कमी नाही. माझी एक मैत्रीण आता देव मानत नाही, पहाटे टेकडी चढते आणि माझ्यापेक्षा शांत आहे.

डॉक्टरांपासून लपवणं

चंदन-कापराचा वास आला किंवा आरतीची ठरावीक चाल कानावर पडली की अचानक तुम्ही पुन्हा त्या हॉलमध्ये असता, छाती धडधडते, परत जावंसं वाटतं. लोकलमध्ये माझं असं झालं होतं. तेव्हा जिथे आहात तिथल्या पाच गोष्टींची नावं घ्या, आजची तारीख पुटपुटा, पाण्याचा घोट घ्या. काही मिनिटांत ओसरतं.

पण दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, सतत दडपण आहे, तर हा तुमच्या श्रद्धेचा किंवा धैर्याचा प्रश्न नाही, डॉक्टरांचा आहे. जीव नकोसा वाटत असेल तर उद्याची वाट बघू नका, घरातल्या कुणाला तरी जवळ बसवून घ्या आणि लगेच फोन करा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांना सगळं खरं सांगा: रोज चारच तास झोप होती, उपास किती होते, थायरॉइडची किंवा साखरेची गोळी महाराजांच्या सांगण्यावरून बंद केली होती का. मी हे तिसऱ्या भेटीपर्यंत लाजेने लपवलं आणि तेवढे महिने वाया घालवले. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे.

लाजेचं म्हणाल तर, ‘मी इंजिनिअर, मला कळू नये?’ हा प्रश्न मी स्वतःला फार विचारला. डॉक्टरांनी उलट विचारलं, ‘तुम्ही तिथे पहिल्यांदा कधी गेलात?’ बाबा गेले त्या वर्षी. दुःखात होते, कुणीतरी पाठीवर हात ठेवला, मी गेले.

आत राहिलेल्यांशी तोडून टाकणं

माझी जाऊ अजून आत आहे. पहिलं वर्ष आम्ही भांडलो. मी तिला अंधभक्त म्हणाले, तिने मला गुरुद्रोही म्हटलं. नंतर मी मंडळाचा विषयच काढायचा बंद केला. लोणच्याच्या कैऱ्या एकत्र आणायला लागलो, पोरांच्या परीक्षा, तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. तिला बाहेर काढायचं म्हणून नव्हे. आमची ओळख मंडळाच्या आधीची आहे म्हणून.

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून थोडा वेळ गप्प राहिली, मग हळूच म्हणाली, ‘ताई, तुम्हाला सुरुवातीला झोप लागायची का हो?’ मी म्हटलं, नाही लागायची. जवळजवळ चार महिने. तिने पुढे काही विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. रविवारी जेवायला ये म्हटलं, तर ती हो म्हणाली.